दाताचे दुःख आणि मनाचे भय



या वर्षीच्या वर्षावासात आमच्या वस्तीतील विहारात एका रविवारचे प्रवचन माझ्याकडे आले. विषय काय, असे कार्यकर्त्यांनी विचारले तेव्हा मी म्हणाले, "दाताच्या डॉक्टरांचे भय." मंडळी हसली. आमच्या विहाराचे एक ज्येष्ठ उपासक म्हणाले, "बाई, चार आर्यसत्यांवर बोला, शीलावर बोला. दाताचं काय घेऊन बसलात?" मी त्यांना विचारले, "दादा, तुमचे किती दात राहिलेत?" त्यावर तेही हसले, पण हसताना त्यांचा हात आपोआप तोंडावर गेला.

तो तोंडावर जाणारा हात हाच माझ्या प्रवचनाचा विषय होता. त्या दिवशी जे बोलले ते, आणि वेळ संपल्यामुळे जे राहून गेले तेही, येथे लिहून काढीत आहे. ज्या कुटुंबांनी नुकतीच धम्मदीक्षा घेतली आहे, ज्यांच्या घरातून देव्हारा गेला पण मनातून भय अजून गेलेले नाही, त्यांच्यासाठी विशेष करून हे लिहिले आहे.

दात ही धम्माबाहेरची गोष्ट आहे, असे कुणी समजू नये. तथागतांनी जरेचे, म्हणजे म्हातारपणाचे, दुःख समजावून सांगताना कोणती लक्षणे सांगितली? दात पडणे, केस पिकणे, कातडीला सुरकुत्या पडणे. दात त्यात आरंभीच आहेत. शरीराचे बत्तीस भाग मोजून त्यांवर चिंतन करण्याची जी रीत आहे, तिच्यात केस, लोम, नख, दंत, त्वचा हे पहिले पाच. नव्या श्रामणेराला प्रव्रज्येच्या वेळी हेच पाच शिकवतात. विनयाच्या चुल्लवग्गात तर भगवंतांनी भिक्षूंना दातवण वापरण्याची परवानगी दिल्याचा प्रसंग आहे. दातवण न केल्याने तोंडाला घाण येते, चव कळत नाही, अन्नावर वासना राहत नाही, असे तोटे तेथे मोजून सांगितले आहेत. दातवणाची काडी चार बोटांहून आखूड नको आणि आठ बोटांहून लांब नको, इथपर्यंत विचार केलेला आहे. ज्या शास्त्याने काडीच्या लांबीचा विचार केला, त्याच्या अनुयायांनी किडलेल्या दाढेचा विचार करण्यात कमीपणा कसला?

आता माझी गोष्ट सांगते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. आमच्या घरात बी.ए., बी.एड. झालेली मी पहिली. चौथीच्या मुलांना मी दातांची निगा शिकवते, सकाळ-संध्याकाळ दात घासायला सांगते, फळ्यावर दाढेचे चित्र काढते. आणि ज्या दिवसांत मी ते चित्र काढीत होते, त्याच दिवसांत माझ्या स्वतःच्या खालच्या दाढेला भोक पडले होते. दोन वर्षे मी ती दाढ जिभेने चाचपली. गार पाणी लागले की कळ यायची. लवंग ठेवली, लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवला, मेडिकलमधून गोळ्या आणून खाल्ल्या, एका बाजूने चावले. पण डॉक्टरांकडे गेले नाही. परीक्षा आहेत, जनगणनेचे काम आहे, पाहुणे आहेत, पगार व्हायचा आहे, अशी कारणे मी सांगत असे. ती सगळी खरी होती आणि सगळी खोटी होती. खरे कारण एकच, मला भीती वाटत होती.

शेवटी एका पहाटे गाल सुजून डोळ्यापर्यंत आला. तोंड दोन बोटे उघडेना. तेव्हा गेले. डॉक्टरांनी पाहिले आणि म्हणाले, "आज काढता येणार नाही. आत पू झालाय. एवढा पू असला की सुन्न करायचं इंजेक्शन नीट लागू पडत नाही. आधी पू जायला वाट करून देऊ, पाच दिवस औषध घ्या, मग काढू." मी त्यांच्याकडे बघतच राहिले. दुखेल म्हणून मी दोन वर्षे गेले नव्हते. आणि गेले नाही म्हणूनच दुखण्याची वेळ आली होती.

धम्मबंधूंनो, प्रतीत्यसमुत्पाद आपण विहारात ऐकतो. हे असले म्हणजे ते होते, हे नसले म्हणजे ते होत नाही, असे त्याचे थोडक्यात सार. ऐकताना ते फार खोल वाटते, आणि आहेही. पण त्या पाच दिवसांत सुजलेला गाल धरून बसले असताना मला ते माझ्या दाढेत दिसले. भय असले की टाळाटाळ होते. टाळाटाळ असली की कीड खोल जाते. कीड खोल गेली की तोंडाला वास येतो, दात काळा पडतो, आणि लाज उत्पन्न होते. लाज असली की तोंड दाखवायचे भय दुप्पट होते. अशी ही साखळी फिरत राहते, आणि प्रत्येक फेऱ्यात दात थोडा थोडा जातो. शेवटी आपण जातो ते इतक्या उशिरा की डॉक्टरांना दात काढण्यावाचून उपाय उरत नाही. मग आपण घरी येऊन सांगतो, "बघा, दाताच्या डॉक्टरकडे गेलं की दात जातोच." भय असे स्वतःच स्वतःचा पुरावा तयार करते. दाढ लहान किडलेली असताना गेले असते तर अर्ध्या तासात भरून मिळाली असती. भरण्याचे दुखणे ते किती! ही गोष्ट मला शिकलेल्या बाईला दोन वर्षे कळली नाही, म्हणून न शिकलेल्यांना मी नावे ठेवीत नाही.

पण या साखळीत लाज नावाची जी कडी आहे, तिच्याविषयी आपल्या समाजापुरते वेगळे बोलले पाहिजे. दाताच्या खुर्चीचे भय जगातल्या सगळ्या माणसांना वाटते. श्रीमंताला वाटते, गोऱ्या माणसाला वाटते. सुईचे भय, आवाजाचे भय, आडवे पडून तोंड उघडे ठेवावे लागते आणि बोलता येत नाही त्याचे भय, हे सर्वांचेच आहे. आपल्या भयात मात्र आणखी काही मिसळलेले आहे.

मी नऊ वर्षांची असताना आई मला तालुक्याच्या गावी एका दाताच्या दवाखान्यात घेऊन गेली होती. तेथील गृहस्थांनी आडनाव विचारले, कुठल्या वस्तीत राहता ते विचारले. मग माझ्या तोंडात न बघता आईकडे बघून म्हणाले, "तोंड धुता का कधी?" आई मिश्री लावीत असे, तिचे दात काळे होते. ती काही बोलली नाही. तिने पदर तोंडावर घेतला. माझा दात त्यांनी हात धरून ओढून काढला. त्याची कळ मी विसरले आहे. आईने पदर कसा घेतला ते मात्र विसरले नाही. त्यानंतर चोवीस वर्षे माझ्या आईने कुठल्याही दाताच्या डॉक्टरांची पायरी चढली नाही. दात एकेक करून आपोआप पडू दिले. भाकरी कालवणात भिजवून खात राहिली.

बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे उच्चाटन' या ग्रंथात पेशवाईतील पुण्याची हकीकत दिली आहे. अस्पृश्याने रस्त्यावर थुंकू नये, म्हणून त्याने गळ्यात मडके बांधून हिंडावे, असा दंडक होता. ज्यांची थुंकी जमिनीवर पडणेही पाप मानले गेले, त्यांच्या लेकरांना एखादा माणूस सांगतो, "तोंड उघडा," आणि आपली बोटे त्या तोंडात घालतो. ही साधी गोष्ट नाही. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत काठेवाडमधील एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र दिले आहे. १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त ते छापले होते. त्या शिक्षकाची पत्नी बाळंतपणानंतर आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नाही. बाळंतिणीला दोन दिवसांच्या मुलासह बाहेर आणावे लागले. डॉक्टराने थर्मामीटर एका मुसलमान गृहस्थाच्या हाती दिला, त्याने तो नवऱ्याला दिला, नवऱ्याने पत्नीला लावला, आणि त्याच वाटेने तो परत गेला. डॉक्टराने नाडीला हात लावला नाही. ती बाई वाचली नाही. तो शिक्षक होता. मीही शिक्षिका आहे. ते पत्र वाचले की मला आईचा पदर आठवतो.

म्हणून "घाबरता कशाला, काही होत नाही," असे आपल्या म्हाताऱ्यांना झटकून सांगू नका. त्यांचे भय मूर्खपणाचे नाही. त्याला इतिहास आहे. पण इतिहास आहे म्हणून ते जपून ठेवायचे, असाही त्याचा अर्थ होत नाही. आपण धम्मदीक्षा घेतली ती कशासाठी? दुसऱ्याने आपल्या शरीराविषयी जे ठरवले होते ते आपण अमान्य केले. मग तोंड त्या शरीरातून वगळायचे का?

आता भयाशी वागावे कसे, ते बघू. संयुक्त निकायात वेदनेविषयी एक सुत्त आहे. तथागत विचारतात, अडाण्याला वेदना होते आणि ज्ञानी श्रावकालाही वेदना होते. मग दोघांत फरक काय? आणि बाणाचा दृष्टांत देतात. अडाण्याला एक बाण लागतो, आणि लागलीच दुसरा लागतो. पहिला शरीराचा, दुसरा मनाचा, शोकाचा, आकांताचा. ज्ञानी माणसाला पहिलाच लागतो. पहिला लागतच नाही, असे तथागतांनी म्हटलेले नाही, हे नीट लक्षात घ्या. आपला धम्म खोटे आश्वासन देत नाही. हिरडीत सुई गेली की मुंगी चावल्यासारखे, कधी त्याहून थोडे जास्त, टोचणारच. दाताच्या बाबतीत तर असे होते की दुसरा बाण पहिल्याच्याही आधी लागतो. डॉक्टरांची वेळ गुरुवारची असते आणि आपण सोमवारपासून रात्रभर जागे. सुई अर्धा मिनिट टोचते. तिची आठवण आणि कल्पना मात्र चार दिवस टोचतात. माझा हिशेब मी केला. दोन वर्षांत प्रत्यक्ष खुर्चीत दुखले ते सगळे मिळून दहा मिनिटेसुद्धा भरणार नाही.

पहिला बाण बोथट करण्याचे काम विज्ञानाने केले आहे. पूर्वी दात काढणे म्हणजे खरोखर यातना होती. अमेरिकेत होरेस वेल्स नावाच्या दंतवैद्याने १८४४ साली हसवणारा वायू हुंगून स्वतःचाच दात काढून घेतला आणि भुलेचा मार्ग दाखवला. आज आपल्याकडे जे सुन्न करण्याचे औषध वापरतात, ते लिग्नोकेन, १९४३ साली स्वीडनमध्ये नील्स लॉफग्रेन यांनी तयार केले. हे औषध नसेतून मेंदूकडे जाणारा वेदनेचा निरोप तेवढ्यापुरता अडवते. पण दाब कळतो, ओढ कळते, आवाज कळतो. आवाज तर फारच मोठा वाटतो, कारण तो हाडातून थेट कानात जातो. हे कुणी आधी सांगत नाही. मग दाब कळला की आपल्याला वाटते, सुन्न झालेच नाही. इंजेक्शनमध्ये पुष्कळदा ॲड्रेनलिन मिसळलेले असते. त्याने काही वेळ छाती धडधडते. माणूस समजतो, आता मरतो. ती औषधाची धडधड असते आणि थोड्या वेळात ओसरते, एवढे ठाऊक असले तरी निम्मे भय जाते. यथाभूत ज्ञान, म्हणजे जसे आहे तसे जाणणे, ते हेच. हृदयविकार, रक्तदाब, मधुमेह असेल, रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल, किंवा दिवस गेले असतील, तर ते मात्र डॉक्टरांना खुर्चीत बसण्यापूर्वीच सांगावे.

दुसऱ्या बाणाचे काम आपले आपल्यालाच करावे लागते. मज्झिम निकायात भयभेरव सुत्त आहे. जाणुस्सोणी नावाच्या ब्राह्मणाला तथागत आपली स्वतःची, बुद्धत्वाच्या आधीची आठवण सांगतात. ते भयाण अरण्यात रात्री मुद्दाम राहत. एखादे हरीण येई, मोर काटकी पाडी, वाऱ्याने पाचोळा सळसळे, आणि मनात येई, आले ते भय! तेव्हा त्यांनी काय केले? चालत असताना भय आले, तर ते शमेपर्यंत चालतच राहिले; थांबले नाहीत, बसले नाहीत. बसले असताना आले, तर बसूनच त्याला शमवले. आडवे असताना आले, तर आडवे असतानाच. भय नव्हते, असे त्यांनी सांगितले नाही. भय आले आणि मी जागा सोडली नाही, असे सांगितले.

दवाखान्याच्या बाकावर बसले असताना आतून मशीनचा आवाज येतो, तो हाच मोर आणि हीच काटकी. उठून घरी जावेसे वाटते. मी एकदा तशी उठून गेलेली आहे, चप्पल हातात घेऊन! पाच दिवसांनी पुन्हा गेले, तेव्हा हे सुत्त मनात धरून गेले. बाकावर भय आले तर बाकावरच बसायचे. खुर्चीत आले तर खुर्चीतच. श्वास आत येतो आहे, बाहेर जातो आहे, एवढे जाणत राहायचे. बाहेर जाणारा श्वास जरा लांबवायचा. पायाची बोटे आवळलेली असतात, ती सैल सोडायची. भयाला "जा" म्हणायचे नाही, "ये" म्हणायचे नाही. भय लाटेसारखे चढते आणि आपण तेथेच राहिलो की उतरते. चढत असतानाच पळालो तर मात्र मनाला कायमचे पटते की पळालो म्हणून वाचलो.

मात्र सहन करणे म्हणजे दात-ओठ खाऊन यातना सोसणे नव्हे. आपल्या पुरुष मंडळींत ही खोड फार. "मला भूल नको, तशीच काढा," असे सांगण्यात त्यांना पराक्रम वाटतो. पहिल्याच प्रवचनात, सारनाथला, तथागतांनी देहदंडाचे टोक त्याज्य सांगितले आहे. त्यांनी स्वतः सहा वर्षे ते करून पाहिले होते. दवाखाना टाळत राहणे हे एक टोक, आणि भूल न घेता कण्हत बसणे हे दुसरे. महावग्गात आजाऱ्याचे गुण सांगितले आहेत. ज्याची शुश्रूषा करणे सोपे, असा रोगी कोण? जो पथ्य करतो, औषध घेतो, वेदना सोसू शकतो, आणि आपल्या दुखण्याची खरी स्थिती हितचिंतकाला सांगतो. वाढले तर वाढले म्हणतो, कमी झाले तर कमी झाले म्हणतो. हा शेवटचा गुण आपल्यात कमी आहे. आपण डॉक्टरांपुढे गप्प बसतो. खुर्चीत बसण्यापूर्वी स्पष्ट सांगावे, "डॉक्टर, मला फार भीती वाटते. दुखलं तर मी डावा हात वर करीन, तेव्हा थांबा." यात लाज नाही. मी हे वाक्य घरी आरशासमोर पाच वेळा म्हणून गेले होते. डॉक्टर म्हणाले, "बरं झालं सांगितलंत." मी हात दोनदा वर केला, दोन्ही वेळा ते थांबले. हात वर केला की थांबतात, हे एकदा कळल्यावर तिसऱ्यांदा करावासा वाटला नाही.

प्रवचनानंतर एका उपासिकेने विचारले, "ताई, सुन्न करायचं औषध घेतलं तर पाचवं शील मोडतं का?" प्रश्न प्रामाणिक होता, नव्या दीक्षितांना असे प्रश्न पडतात, आणि पडलेच पाहिजेत. मोडत नाही. पाचवे शील प्रमाद आणणाऱ्या नशेविरुद्ध आहे, औषधाविरुद्ध नाही. मद्याचा रंग, वास, चव जाणवणार नाही इतके अल्प मिसळलेले औषधी तेल भिक्षूंनाही विनयात मोकळे होते. शील मोडते ते दुसरीकडे. दाढ दुखते म्हणून दारूची चूळ भरायची, भरलेली चूळ गिळायची, आणि धीर यावा म्हणून पिऊनच दवाखान्यात जायचे! असा माणूस डॉक्टरांनी परत पाठवला तर त्यात डॉक्टरांची चूक नाही.

आणखी काही गैरसमज येथेच मोडून टाकू. वरची दाढ काढली की डोळे जातात, हे खोटे आहे. डोळ्याची नस दाढेच्या मुळात नसते. रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दाढेतली अळी काढतो, असे सांगणारे बाजारात बसतात. दाढेत अळी नसते. गोडाधोडाच्या कणांवर वाढणारे सूक्ष्म जंतू आम्ल तयार करतात आणि दात पोखरतात. वाटीत दाखवतात ते बियांतलेच कण असतात. दुखऱ्या हिरडीवर गोळी चुरून ठेवल्याने हिरडी भाजते. अंगारा, गंडा, उतारा यांविषयी मी येथे बोलत नाही. २२ प्रतिज्ञा घेतलेल्या घरात ते असू नये. मात्र खालच्या दाढेचा पू कधी जबड्याखाली गळ्यापर्यंत उतरतो आणि श्वास कोंडून माणूस दगावू शकतो. गिळता येईना, ताप चढला, गळ्याखाली सूज आली, तर रात्र असली तरी मोठ्या रुग्णालयात न्यावे. तेव्हा सकाळची वाट पाहू नये.

आता जीवकाची एक गोष्ट सांगते, कारण ती मला फार आवडते. जीवक हा तक्षशिलेला शिकलेला वैद्य, भगवंतांची आणि संघाची सेवा करणारा. राजगृहातील एका श्रेष्ठीचे डोके सात वर्षे दुखत होते. जीवकाने विचारले, "एका कुशीवर सात महिने, दुसऱ्या कुशीवर सात महिने, आणि पाठीवर सात महिने पडून राहशील का?" श्रेष्ठी म्हणाला, राहीन. जीवकाने शस्त्रक्रिया केली. सात दिवस झाले आणि श्रेष्ठी म्हणाला, आता या कुशीवर राहवत नाही. जीवकाने कूस बदलू दिली. पुन्हा सात दिवस, पुन्हा तेच. असे एकवीस दिवस झाले आणि तो बरा झाला. तेव्हा जीवक हसून म्हणाला की एकवीस दिवस पुरतील हे मला ठाऊक होते. पण महिने सांगितले नसते तर तू दिवसही राहिला नसतास! वैद्याने रोग्याचे मनही ओळखावे लागते, एवढे त्या काळीही माहीत होते. आजच्या डॉक्टरांनी मात्र महिने सांगून दिवस उरकू नयेत, खरे तेच सांगावे, असे माझे मत आहे. मुलांच्या बाबतीत तर नक्कीच. "काही करणार नाहीत, नुसतं बघणार आहेत," असे सांगून मुलाला नेतात आणि तेथे दात ओढतात. ते मूल पुन्हा कुणावर विश्वास ठेवील? आणि "अभ्यास केला नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील," ही धमकी आपल्या घरांतून हद्दपार झाली पाहिजे. मुलाला पहिल्यांदा न्यावे ते दुखत नसतानाच. खुर्चीत बसू द्यावे, खालीवर होऊ द्यावे, आणि घरी आणावे.

आईचे सांगायचे राहिले. माझी दाढ निघाल्यावर मी आईच्या मागे लागले. ती म्हणे, "मला नगं बाई त्या खुर्चीत. माझ्या तोंडाचा वास येतो. त्यांनी नाक मुरडलं तर?" पाहा, सुईचे नाव तिने एकदाही काढले नाही. तिच्या हिरडीवर मिश्री ठेवायच्या जागी पांढरा चट्टा आला होता. तंबाखू भाजून केलेल्या मिश्रीने असे चट्टे येतात, आणि काहींचा पुढे कर्करोग होतो. ते ठाऊक असल्यामुळे मी वाद घातला नाही. "फक्त दाखवायचं, हात लावू द्यायचा नाही," एवढ्या अटीवर ती जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात आली.

तेथे एक तरुण डॉक्टरीण होत्या. केसपेपरवर नाव होते, तेवढेच त्यांनी वाचले. वस्ती विचारली नाही. "आजी, या," म्हणाल्या. मी आईच्या पायाशी उभी राहिले आणि तिच्या घोट्यावर हात ठेवला. त्यांनी मोजे चढवून आईच्या तोंडात बोट घातले, हिरडी चाचपली, जीभ बाजूला करून पाहिले. आई डोळे मिटून होती. मग त्या म्हणाल्या, "आजी, चूळ भरा आणि थुंका." खुर्चीशेजारी पांढरे शुभ्र भांडे होते. आईने चूळ भरली, भांड्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि आपल्या पदरात थुंकली.

डॉक्टरीण बाईंना प्रथम कळलेच नाही. मला कळले. मग त्या म्हणाल्या, "अहो आजी, ते त्याच्यासाठीच आहे," आणि नळ सोडून भांडे धुऊन दाखवले. आई पदर मुठीत धरून बसून राहिली.

चट्ट्याचा लहानसा तुकडा काढून तपासायला पाठवला. भूल देऊनच काढला. आईला कळलेसुद्धा नाही. अहवाल यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत दोन बाणांवर प्रवचन करणारी मी रोज रात्री दुसरा बाण स्वतःच्या हाताने खुपसून घेत होते, हे कबूल करते. आई मात्र शांत झोपत होती. कर्करोग नव्हता. पण चट्टा पुढे बिघडू शकतो, मिश्री सोडा आणि दर तीन महिन्यांनी दाखवत जा, असे सांगितले. आईने मिश्री चारवरून एकदावर आणली आहे. डबी तांदळाच्या पिंपामागे आहे, हे मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे तिला माहीत आहे.

दुसऱ्या खेपेला ती खुर्चीत आपली आपण चढून बसली. टाके पाहून झाल्यावर चूळ भरली आणि त्या पांढऱ्या भांड्यात थुंकली. मग कडेला एक थेंब पडला होता तो पदराने पुसायला लागली, तेव्हा डॉक्टरीण बाईंनी तिचा हात धरला.

प्रवचन संपल्यावर ते ज्येष्ठ उपासक दादा मागे थांबले होते. तोंडावर हात तसाच. म्हणाले, "बाई, ती डॉक्टरीण कोणत्या वारी बसते?" मी म्हणाले, बुधवारी. येत्या बुधवारी सकाळी आठच्या एस.टी.ने आम्ही पाचजण जात आहोत. दादा, आई, मी, आणि शेजारच्या घरातील दोन मुले, ज्यांचे काहीही दुखत नाही. दादांना सांगितले आहे की न्याहारी करून या, उपाशी येऊ नका, आणि रक्तदाबाच्या गोळीची चिठ्ठी बरोबर ठेवा.